विमानातील हवा व उद्याचे कारागीर

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शाळा सुटल्यावर आम्ही कांजूरमार्ग स्टेशनच्या पुलावर पाऊस ओसरण्याची वाट पाहत उभे होतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो, व विमानास वाऱ्याकडे तोंड करून उतरणे सोयीचे असते. म्हणून त्या दिवसांत पुष्कळशी विमाने पूर्वेकडून येतात आणि घाटकोपरच्या वस्तीवरून विमानतळाकडे उतरत जातात. आमच्या पुलावरून ती दक्षिणेच्या बाजूस दिसतात. शेजारी नववीतील एक विद्यार्थी उभा होता. एक विमान ढगांतून खाली येताना पाहून तो म्हणाला, "सर, उंच जावे तसतशी हवा विरळ होते असे आपण शिकलो. मग इतक्या उंचीवर ही सारी माणसे श्वास कशी घेतात? खिडक्या तर बंद असतात!"

आम्ही उत्तर देण्यास आरंभ केला, इतक्यात त्याची गाडी आली व उत्तर अर्धेच राहिले. ते पुरे करावे म्हणून हा लेख लिहिला आहे. त्या प्रश्नामुळे पुढे त्याच्या वडिलांशीही आमचे बोलणे झाले; ते शेवटी सांगू.

प्रथम उंचीचा विचार करू. मोठी प्रवासी विमाने सुमारे दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून उडतात. अकरा किलोमीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी असतो, व तापमान शून्याखाली सुमारे ५६ अंश सेल्सियस असते. हवेतील प्राणवायूचे शेकडा प्रमाण तेथेही येथल्याइतकेच, म्हणजे सुमारे २१ असते. परंतु दाब कमी झाल्यामुळे तो फुप्फुसांतून रक्तात पुरेसा शिरू शकत नाही. त्या उंचीच्या आसपास एकाएकी उघड्या हवेत सापडलेल्या मनुष्याची शुद्ध अर्धा ते एक मिनिटच उपयोगी पडते. त्यानंतर तो जागा दिसला तरी त्याची बुद्धी चालत नाही.

म्हणून विमानाच्या आत वेगळे हवामान निर्माण करावे लागते. नियम असा आहे की, विमान कितीही उंच गेले तरी नेहमीच्या प्रवासात आतील दाब ८,००० फुटांच्या, म्हणजे सुमारे २,४४० मीटरांच्या उंचीवर असतो त्याहून कमी होऊ द्यावयाचा नाही. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे विमानातील प्रवासी फार तर कळसूबाईच्या दीडपट उंच डोंगरावर बसलेला असतो असे समजावे. हे हवामान राखणाऱ्या सर्व यंत्रांना, नळ्यांना व झडपांना मिळून विमानाची वातावरण-नियंत्रण व्यवस्था म्हणतात.

ही व्यवस्था विमानाबरोबरच जन्मास आली असे नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा हे टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या लहानशा विमानात असे काही नव्हते. ते विमान तितके उंच जातच नसे. परंतु ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला जे 'मलबार प्रिन्सेस' नावाचे विमान निघाले, त्याच्या केबिनमध्ये दाब राखण्याची सोय होती. सोळा वर्षांच्या आत एवढा पल्ला गाठला गेला.

आता ही व्यवस्था कशी चालते ते पाहू. त्यासाठी सायकलचा पंप हाती घ्यावा. पंप मारू लागले की त्याची नळी गरम होते, कारण हवा दाबली की ती तापते. उलट चाकाची झडप दाबून हवा सोडली, तर बाहेर येणारी हवा बोटास गार लागते. ह्या दोन अनुभवांत आमचे अर्धे काम झाले.

जेट इंजिनात पुढच्या बाजूने शिरलेली हवा पाती असलेल्या चक्रांनी दाबली जाते व मग तिच्यात इंधन जळते. त्या दाबलेल्या हवेचा थोडा भाग, इंधन मिसळण्यापूर्वीच, एका नळीने बाहेर काढून घेतात. केबिनसाठी श्वासाची हवा ती हीच. परंतु ती सुमारे दोनशे अंश सेल्सियसपर्यंत, कधी त्याहूनही अधिक, तापलेली असते. म्हणून तिला प्रथम एका पेटीतून नेतात. ही पेटी मोटारीच्या रेडिएटरची भाऊबंदच होय: पातळ पत्र्यांच्या एका बाजूने तप्त हवा जाते, दुसऱ्या बाजूने बाहेरची थंड हवा जाते, व उष्णता पत्र्यातून पलीकडे निघून जाते. नंतर ती हवा एका लहान चक्राने पुन्हा दाबतात, दुसऱ्या रेडिएटरात निववितात, आणि शेवटी टर्बाईन नावाच्या चक्रावर सोडतात. हवा प्रसरण पावते, चक्र फिरविते, आणि चक्र फिरविण्यात आपली शक्ती खर्च झाल्यामुळे स्वतः गार पडते. कधी ती इतकी गार होते की तिच्यातील बाष्पाचे बर्फ होऊ नये म्हणून काळजी घ्यावी लागते. चक्राला मिळालेली शक्ती वाया जात नाही; त्याच दांड्यावर बसविलेले आधीचे दाबणारे चक्र तीच फिरविते.

घरातील थंडाईच्या कपाटात गार करण्यासाठी निराळा द्रव लागतो. आमच्या शेजारच्या विक्रोळीस गोदरेज कंपनीने १९५८ पासून अशी कपाटे बनविली, हे पुष्कळ पालकांस ठाऊक असेल. विमानातील वर सांगितलेल्या यंत्रात असा द्रव नसतो. हवाच हवेला गार करते.

ही गार हवा मग केबिनमधील जुन्या हवेत मिसळतात. जुनी हवा अतिबारीक गाळण्यांतून काढलेली असते. त्या गाळण्या एका मिलिमीटरच्या तीन दशसहस्रांश भागाएवढ्या कणांपैकी शंभरांत ९९·९७ कण अडवितात. अशा रीतीने दर दोन-तीन मिनिटांनी केबिनमधील हवा बदलत राहते. जास्तीची हवा विमानाच्या मागील भागातील झडपेतून बाहेर पडते, व ती झडप किती उघडावी ह्यावरून आतील दाब ठरतो.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, "मग आता नवे काय शोधावयाचे राहिले?" राहिले आहे ते असे की, हा श्वास फुकट मिळत नाही. इंजिनाने कष्टाने दाबलेली हवा केबिनला दिली, म्हणजे विमान पुढे ढकलण्याच्या कामी ती तितकी कमी पडली. शिवाय नळ्या, रेडिएटर, चक्रे ह्यांचे वजन प्रत्येक उड्डाणात वर न्यावयाचे व खाली आणावयाचे. एक किलो वजन कमी झाले तर विमानाच्या साऱ्या आयुष्यात तितके इंधन वाचते. म्हणून ह्या क्षेत्रातील संशोधकांपुढे दोन प्रश्न आहेत: कोणत्या पदार्थाने वजन घटेल, आणि कोणत्या कृतीने तो पदार्थ हवा तसा घडविता येईल?

एक मोठा फेरफार झालाही आहे. बोईंग ७८७ हे विमान ऑक्टोबर २०११ पासून प्रवासी सेवेत आले, व एअर इंडियाकडे ते २०१२ मध्ये आले. त्यात केबिनसाठी इंजिनातून हवा काढीत नाहीत. विजेवर चालणारे कॉम्प्रेसर बाहेरची हवा घेऊन दाबतात. ह्या विमानाचा, वजनाने पाहता, जवळजवळ निम्मा भाग कार्बनचे तंतू राळेत बसवून केलेल्या संयुक्त पदार्थाचा आहे. हा पदार्थ ॲल्युमिनियमप्रमाणे गंजत नाही, व वारंवार ताण बसल्याने लवकर थकत नाही. त्यामुळे आतील दाब थोडा अधिक, म्हणजे ६,००० फुटांवरच्याइतका ठेवता येतो, आणि हवाही थोडी कमी कोरडी ठेवता येते. प्रवाशाला शीण कमी वाटतो. भिंतीचा पदार्थ बदलला आणि श्वास सुखाचा झाला, असे हे उदाहरण आहे.

आता नळ्यांकडे वळू. जेथे हवा फार तप्त असते तेथे ॲल्युमिनियम चालत नाही, कारण उष्णतेने त्याचे बळ घटते. तेथे पोलाद, निकेलचे मिश्रधातू किंवा टायटॅनियम वापरतात. टायटॅनियम पोलादाहून पुष्कळ हलके. त्याच आकाराच्या पोलादी वस्तूच्या सुमारे साठ टक्केच त्याचे वजन भरते. परंतु त्यास कापणे म्हणजे कसोटीच. ते उष्णता लवकर वाहून नेत नाही; त्यामुळे कापताना उत्पन्न झालेली उष्णता हत्याराच्या धारेपाशीच साचते व धार बोथट होते. जेथे हवा गार असते तेथील नळ्या काचेच्या किंवा कार्बनच्या तंतूंच्या करतात. त्यांत वापरण्याच्या राळेचे दोन प्रकार आहेत. एक विटेसारखा: एकदा भाजला की पुन्हा माती होत नाही. दुसरा मेणासारखा: तापविला की पुन्हा मऊ होतो. ह्या दुसऱ्या प्रकारात उष्णता सहन करणारी नवी प्लॅस्टिके निघाली आहेत. त्यांचे दोन तुकडे तापवून एकमेकांस सांधता येतात, रिव्हेट किंवा गोंद लागत नाही, व जुना भाग वितळवून पुन्हा उपयोगात आणता येतो. केबिनजवळ वापरावयाचा कोणताही पदार्थ सहज पेट घेणारा किंवा विषारी धूर सोडणारा नसावा, ही अट मात्र सर्वांस सारखीच लागू आहे.

टर्बाईनचा दांडा कशावर फिरतो हेही मनोरंजक आहे. पूर्वी त्यास तेलाचे बेअरिंग असे; तेलाचा अंश हवेत मिसळला तर ती दूषित होई. हल्ली पुष्कळ यंत्रांत धातूच्या पातळ पत्र्यांचे बेअरिंग असते. दांडा वेगाने फिरू लागला की त्याच्या व पत्र्यांच्या मध्ये हवेचा एक थर तयार होतो, आणि दांडा त्या थरावर तरंगतो. आरंभी व थांबताना मात्र तो पत्र्यांस घासतो. तेव्हा झीज होऊ नये म्हणून पत्र्यांवर विशेष लेप देतात. अधिक उष्णता सोसतील अशा लेपांचा शोध चालू आहे.

पदार्थाइतकेच महत्त्व कृतीला आहे. आजवर वस्तू घडविण्याच्या मुख्य कृती आपणांस ठाऊक आहेत. पाथरवट दगडातून नको तो भाग काढून टाकतो. ओतारी साच्यात रस ओततो. तांबट पत्रा ठोकून आकार देतो व डाख देऊन सांधतो. विमानातील रेडिएटर आजही बहुधा तांबटाच्या रीतीने होतात: पातळ पन्हळी पत्रे एकावर एक रचून भट्टीत सांधले जातात. आता चौथी कृती आली आहे, ती कुंभारमाशीची. कुंभारमाशी भिंतीवर चिखलाच्या गोळीवर गोळी लावून घर उभारते. त्याचप्रमाणे यंत्रात धातूची किंवा प्लॅस्टिकची पूड केसाएवढ्या पातळ थराने पसरतात, लेसर किरणाने हवी तेवढीच पूड वितळवून जोडतात, आणि त्यावर दुसरा थर पसरतात. असे शेकडो-हजारो थर झाले की वस्तू तयार होते. ह्यास थ्री-डी प्रिंटिंग म्हणतात.

विशेष असे की, विमानात ह्या कृतीने प्रथम ज्या वस्तू वापरात आल्या, त्यांत हवेच्या नळ्याच होत्या. अमेरिकेच्या एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट ह्या लढाऊ विमानात वातावरण-नियंत्रणाच्या काही नळ्या ह्या शतकाच्या आरंभीच प्लॅस्टिकच्या पुडीपासून लेसरने बनविल्या गेल्या. विमानाच्या अंतर्भागात नळीस वाकडीतिकडी वाट काढावी लागते. पूर्वी अशी नळी अनेक तुकडे जोडून करीत; आता ती एकसंध होते. सांधा नाही म्हणजे गळतीची जागा नाही, आणि पट्ट्या-स्क्रूंचे वजनही नाही. इंजिनाच्या क्षेत्रातही हेच घडले. २०१६ मध्ये सेवेत आलेल्या लीप इंजिनातील इंधन फवारणारे तोंड पूर्वी सुमारे वीस भाग जोडून करावे लागे. ते आता एकच भाग म्हणून छापतात, व त्याचे वजन चतुर्थांशाने कमी झाले.

रेडिएटरात तर ह्या कृतीने अद्भुत शक्यता उघडल्या आहेत. १९७० मध्ये ॲलन शोएन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'जायरॉइड' नावाच्या एका वळणदार पृष्ठाचे वर्णन केले. हे पृष्ठ जागेचे दोन भाग करते; दोन्ही भाग एकमेकांत गुंतलेले, परंतु कोठेही एकमेकांस न मिळणारे. निसर्गात काही फुलपाखरांच्या पंखांवरील खवल्यांतही हाच आकार सापडतो. एका भागातून तप्त हवा व दुसऱ्यातून थंड हवा सोडली, तर लहान जागेत पुष्कळ पृष्ठभाग मिळून उष्णता झपाट्याने बदलते. हा आकार ठोकून किंवा कापून करणे जवळजवळ अशक्य. थर रचून मात्र करता येतो.

परंतु वाचकहो, येथे थांबून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. छापलेल्या धातूची भिंत आतून खडबडीत राहते, त्यामुळे हवेस अडथळा होतो. भिंत फार पातळ केली तर तिच्यात सूक्ष्म छिद्रे राहण्याचा संभव असतो. न वितळलेली पूड अरुंद वाटांत अडकून बसते. आत डोळा पोहोचत नाही; म्हणून क्ष-किरणांनी वस्तूची सर्व बाजूंनी तपासणी करावी लागते. वस्तू झाली म्हणून लगेच विमानात बसविता येत नाही. तिला तापवून, गोठवून, हलवून, दाब चढवून-उतरवून हजारो वेळा पाहावे लागते.

हा सोस कशासाठी, हे इतिहास सांगतो. अकरा किलोमीटरवर विमानाच्या भिंतीच्या दर चौरस मीटरवर आतून सुमारे पाच टनांचा जोर असतो. कॉमेट हे पहिले जेट प्रवासी विमान १९५२ मध्ये सेवेत आले. १० जानेवारी व ८ एप्रिल १९५४ रोजी दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रात कोसळली. तपासकांनी इंग्लंडातील फार्नबरो येथे एका विमानाचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुनःपुन्हा दाब दिला. शेवटी एका झरोक्याच्या कोपऱ्यापाशी ते फाटले. पत्र्याचे बळ कमी नव्हते. तो वारंवारच्या ताणाने थकला होता. नवा पदार्थ बलवान आहे एवढे पुरत नाही. तो कसा थकतो, हेही ठाऊक असावे लागते.

आणि यंत्र निर्दोष असले तरी मनुष्याचे अवधान हवेच. २० सप्टेंबर २०१८ रोजी पहाटे आपल्याच मुंबईहून जयपूरला १६६ प्रवासी घेऊन एक विमान निघाले. इंजिनातून केबिनला हवा देणारी कळ चालू करावयाची राहून गेली होती. विमान वर चढू लागले तसा आतील दाब घटत गेला, छतातून प्राणवायूचे मुखवटे खाली आले, आणि सुमारे तीस जणांच्या नाकाकानांतून रक्त आले. विमान मुंबईस सुखरूप परत उतरले. त्या दिवशी कोणताही पत्रा फाटला नव्हता. एक लहानशी कळ विसरली गेली होती.

आता त्या विद्यार्थ्याच्या वडिलांची गोष्ट. ते एका कारखान्यात टर्नर आहेत. पुलावरील प्रश्न मुलाने घरी नेला, व आपण अशीच यंत्रे घडविण्याचे काम शिकणार असे तो म्हणू लागला. त्यावर ते आम्हांस भेटावयास आले. "सर, आम्ही जन्मभर लेथवर हात काळे केले," ते म्हणाले. "पोराने तरी खुर्चीवर बसावे अशी त्याच्या आईची व माझी इच्छा आहे. आता तर म्हणतात, सारे यंत्रच छापणार. मग लेथचे काम शिकून त्याने पोट कसे भरावे?"

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आमच्या भागात कितीतरी कारखाने बंद पडलेले व त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिलेल्या पालकांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. आम्ही त्यांस उलट विचारले, "अहो, लेथवर शतांश मिलिमीटरचा फरक झाला तर तुम्हांस कसा कळतो?" ते किंचित हसले. "आधी हाताला कळतो, मग मायक्रोमीटरला."

तेव्हा आम्ही त्यांस सांगितले की, छापलेला धातूचा भाग जेथे दुसऱ्या भागास मिळतो, तेथील पृष्ठ आजही यंत्रावर धरून कापावे व गुळगुळीत करावे लागते. आपल्या स्टेशनापासून थोड्याच अंतरावर, पवईच्या आय. आय. टी.त, विमानांच्या निर्मितीविषयी संशोधन करणारे एक राष्ट्रीय केंद्र आहे. भारत सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, बोईंग कंपनी व आय. आय. टी. ह्यांच्या सहकार्याने ते उभे राहिले, आणि टायटॅनियमसारखे कठीण धातू नीट कसे कापावे हा त्याच्या अभ्यासाचा एक विषय आहे. मोठमोठे पदवीधर तेथे जो प्रश्न सोडवीत आहेत, तो आपल्या लेथवरचाच आहे. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याने इस्रोच्या अग्निबाणांसाठी इंजिने घडविली, तीही अशाच हातांच्या व डोळ्यांच्या भरवशावर.

तथापि त्यांची शंका सर्वस्वी फिटली असे आम्ही म्हणणार नाही. केवळ हाताचे कसब उद्या पुरणार नाही. त्याबरोबर गणित, पदार्थविज्ञान व संगणकावर नकाशा वाचण्याचे ज्ञान लागेल. पण केवळ पुस्तकही पुरणार नाही. ज्याला दोन्ही येईल त्यास काम मिळेल, असा आमचा विश्वास आहे. आणि पालकांनी मुलांस ह्या दोहोंपैकी एकाची लाज वाटू देऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.

नाताळच्या सुट्टीपूर्वी ते गृहस्थ पुन्हा फाटकाशी भेटले. मुलगा हल्ली रविवारी दुपारी त्यांच्याकडून मायक्रोमीटर वाचण्यास शिकतो, आणि भूमितीचा अभ्यासही न सांगता करतो, असे त्यांनी सांगितले. खुर्चीविषयी ते काही बोलले नाहीत. जाता जाता मात्र थांबून त्यांनी विचारले, "सर, तो छापलेला भाग शेवटी लेथवर घ्यावाच लागतो, असे तुम्ही म्हणालात. खरे ना ते?"

आम्ही म्हटले, "होय, खरे आहे."